नियम खातं करतं, तपासतं कोण?

शेवगा (धागाकर्ती)

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित आणि गरीब मुलांसाठी राखलेल्या, पंचवीस टक्के जागांवर इथे दर वर्षी धागे निघतात. लॉटरी, अंतर, उत्पन्नाचा दाखला वगैरे. या धाग्यात ते नको, मला वेगळंच विचारायचंय.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने आरटीईच्या नियमांत दुरुस्ती केली. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेवर पंचवीस टक्क्यांचं बंधन नाही. आता पुण्या-मुंबईत, नाशकात, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा किलोमीटरभरात सरकारी शाळा नसलेली खासगी शाळा शोधायला दुर्बीण लागेल. म्हणजे संसदेने २००९ साली केलेल्या कायद्याच्या कलम १२ ला कुणी हातही लावला नाही आणि तरी शहरांपुरतं ते कलम निकालात निघालं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती, १९ जुलैला दुरुस्ती रद्द, ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयातही शाळांच्या संघटनेचं अपील फेटाळलं गेलं.

पण मधल्या काळात विधानमंडळ तीनदा भरलं होतं. २० फेब्रुवारीचं एक दिवसाचं विशेष अधिवेशन, २६ फेब्रुवारी ते १ मार्च अंतरिम अर्थसंकल्प आणि २७ जून ते १२ जुलै पावसाळी. आरटीई कायद्याच्या कलम ३८(४) मध्ये लिहिलंय की राज्याने केलेला प्रत्येक नियम शक्य तितक्या लवकर विधानमंडळासमोर ठेवला पाहिजे. ठेवायचा कशासाठी? आमदारांनी वाचावा म्हणूनच ना? मग पालकांना वकील का गाठावे लागतात? हे नियम तपासायचं काम नेमकं कुणाचं असतं, ते जाणकारांनी सांगा.

खवचट_पोपट

आमदारांनी नियम वाचावेत ही अपेक्षा गोड आहे. विधेयकं वाचतात का, ते आधी विचारा.

जुना_कार्यासन

शेवगाताई, हे काम कुणाचं ते ठरलेलं आहे आणि त्यासाठी समितीही आहे. तिचं नाव उपविधान समिती. उपविधान म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारी खात्यांनी केलेले नियम. लोकलेखा समिती पेपरात येते, आश्वासन समिती अधूनमधून येते, ही कधी आलेली मी तरी पाहिली नाही. मंत्रालयात हयात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळलात तर सांगा.

आधी नियम जन्माला कसा येतो ते बघा. प्रत्येक कायद्याच्या शेपटाला एक कलम असतं, 'या अधिनियमाची प्रयोजने पार पाडण्यासाठी राज्य शासनास नियम करता येतील.' विधेयकावर भांडण होतं ते पहिल्या आठ-दहा कलमांवर. हे कलम येईस्तोवर सभागृहाला जेवायची घाई झालेली असते. मग खात्यातला कार्यासन अधिकारी मसुदा लिहितो, विधी व न्याय विभाग त्याची भाषा आणि अधिकार तपासतो, फाइल मंत्र्यांकडे जाऊन येते. मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन' असे शब्द असतील तर मसुदा राजपत्रात छापून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शेवटी अंतिम अधिसूचना निघते आणि त्या दिवसापासून नियम लागू. विधानमंडळाचा नंबर लागतो तो यानंतर.

सभागृहात प्रश्नोत्तरं आटोपली की कामकाजपत्रिकेवर 'कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे' असा विषय असतो. मंत्री उठून म्हणतात, 'आपल्या अनुमतीने मी अमुक अधिसूचना सभागृहासमोर ठेवतो.' अध्यक्ष म्हणतात, 'अधिसूचना सभागृहासमोर ठेवण्यात आली आहे.' झालं. चर्चा नाही, मतदान नाही. सदस्य त्या वेळी पुढच्या लक्षवेधीची तयारी करत असतात.

पुढचं काम समितीचं. लोकसभेच्या समितीला काय पाहायचं ते नियम ३२० मध्ये दिलेलं आहे. नियम मूळ कायद्याच्या हेतूला धरून आहे का? जी गोष्ट खुद्द कायद्यात यायला हवी होती ती नियमात घुसडली आहे का? त्यातून कर बसतो का, न्यायालयाचा मार्ग बंद होतो का, कायद्याने अधिकार दिलेला नसताना नियम मागच्या तारखेपासून लागू केलाय का? दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झालाय का? छापायला किंवा सभागृहासमोर ठेवायला अकारण उशीर झाला का? धोरण चांगलं की वाईट हा समितीचा विषय नसतो. खात्याने आपल्या अधिकाराच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं का, एवढंच बघायचं. आरटीईची ती दुरुस्ती माझ्या मते पहिल्याच प्रश्नाला आडवी झाली असती.

आणि ही व्यवस्था बाहेरून आलेल्या कुणी लादलेली नाही हो. लोकसभेत ही समिती १९५३ मध्ये आली तेव्हा अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर. ते त्याआधी १९३७ ते १९४६ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते.  त्या समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्री असलेल्या माणसाला तिथे जागा नाही.

एमपीएससी_पुन्हा

काका, हे 'उपविधान' आणि 'प्रत्यायोजित विधान' एकच ना? मुख्य परीक्षेला आलं तर कुठला शब्द लिहू?

जुना_कार्यासन

एकच. प्रश्नात जो असेल तो लिहा, आणि मार्क मिळाले की पेढे आणा.

वकिलीणबाई

जुन्या काकांनी वाट छान दाखवली. त्या वाटेवरचा खड्डा मी दाखवते, कारण शेवगाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

'सभागृहासमोर ठेवणे' हे सगळ्या कायद्यांत सारखं नसतं. महाराष्ट्राचा स्वतःचा कुठलाही बऱ्यापैकी अलीकडचा कायदा उघडा. तिथे लिहिलेलं असतं की नियम प्रत्येक सभागृहासमोर, ते सत्रासीन (म्हणजे अधिवेशनात) असताना, एकूण ३० दिवस ठेवायचा, मग हे ३० दिवस एका अधिवेशनात भरोत की लागोपाठच्या दोन-तीन अधिवेशनांत. ते अधिवेशन किंवा त्याच्या लगतचं पुढचं अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांचं एकमत झालं, तर नियम बदलता येतो किंवा रद्दच करता येतो. मात्र तोवर त्या नियमाखाली जे झालं ते वैध राहतं.

आता आरटीई कायद्याचं कलम ३८ पाहा. केंद्राने केलेल्या नियमांबाबत ३० दिवस, दुरुस्ती, रद्द करणं, सगळं दिलंय. राज्याच्या नियमांसाठीच्या पोटकलम (४) मध्ये फक्त 'राज्य विधानमंडळासमोर ठेवावा' एवढंच. ठेवल्यावर आमदारांनी काय करायचं? कायदा गप्प. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २९(२) मध्येही अगदी तसंच. म्हणजे अशा केंद्रीय कायद्यांखाली राज्य सरकार जे नियम करतं, ते आमदारांना पाहता येतात, खोडता येत नाहीत. समिती आक्षेप घेईल, अहवाल देईल, खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावेल, पण त्या कलमाच्या जोरावर नियम पाडता येणार नाही.

आणि समजा, नियम सभागृहासमोर ठेवलाच नाही, तर? सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या अॅटलस सायकल निकालात अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा आदेश संसदेसमोर ठेवला नव्हता, तरी तो टिकला. न ठेवल्यास काय होईल हे कायद्यात लिहिलेलं नाही, म्हणून ती अट मार्गदर्शक समजायची, म्हणजे ती मोडली म्हणून नियम बाद होत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी १९६६ मध्ये जान मोहम्मद बागबान खटल्यातही हाच सूर होता. आणि तो खटला तर आपल्याच जुन्या मुंबई इलाख्याच्या बाजार समिती कायद्याचा! कायदा १९३९ चा, नियम १९४१ चे, आणि महायुद्धामुळे तेव्हा विधिमंडळ भरत नव्हतं.

खवचट_पोपट

थोडक्यात, ठेवला तर आनंद, नाही ठेवला तरी आनंद.

माहितीवाला

वकिलीणबाईंनी कलम २९(२) काढलंच आहे, तर माझं दुखणं सांगतो.

जानेवारी २०१२ मध्ये महाराष्ट्राने माहिती अधिकार नियमांत भर घातली. एका अर्जात एकच विषय आणि अर्ज साधारणपणे १५० शब्दांच्या आत. कायद्यात शब्दमर्यादा कुठेही नाही. त्याच वर्षी केंद्राने आपले नियम केले, त्यात ५०० शब्दांची मर्यादा आली, पण केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज नाकारता येणार नाही असंही सोबत लिहिलं. आपल्याकडे जनमाहिती अधिकारी 'एकच विषय' याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. रस्त्याच्या निविदेची प्रत आणि त्याच रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली, तर ते एका कार्यालयाला दोन विषय वाटले होते. नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच.

हा नियम रोज राज्यभरातल्या अर्जदारांना लागतो. यावर सभागृहात एकदा तरी धड भांडण व्हायला हवं होतं. विधेयक असतं तर झालं असतं, विरोधकांनी बाकं वाजवली असती. पण अधिसूचना म्हटली की सगळे थंड.

सोसायटी_सचिव

आमच्या गृहनिर्माण संस्थांचं काय? आदर्श उपविधी पण विधानसभेसमोर जातात का? आमच्या उपनिबंधक कार्यालयात विचारलं तर कुणाला सांगता येईना.

वकिलीणबाई

नाही. संस्थेचे उपविधी म्हणजे संस्था आणि सभासद यांच्यातला करार, कंपनीच्या नियमावलीसारखा. निबंधक ते नोंदवतो. त्यांना कायद्याचं बळ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ पासून धरलेलं आहे. विधानमंडळासमोर जातात ते १९६० च्या सहकार कायद्याखालचे नियम.

जुना_कार्यासन

सचिवसाहेब, तुमच्या विषयात त्याहून मोठी गंमत आहे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण तेरा-ब घातलं. सगळीकडे स्वागत झालं. त्या प्रकरणासाठीच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये. मधली सहा वर्षं संस्थांनी नव्या कलमांना जुने नियम जोडून दिवस काढले.

दिल्लीत यासाठी निदान एक घड्याळ लावलेलं आहे. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम करायचे, नाही जमलं तर दोन्ही सभागृहांच्या उपविधान समित्यांकडून मुदतवाढ मागायची. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला, नियम आले ११ मार्च २०२४ ला. एवढ्या चार वर्षांत गृह मंत्रालय त्या समित्यांकडून मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत राहिलं. दर वेळी बातमी येई ती 'मुदतवाढ मिळाली' एवढीच. समितीने कधी खडसावून 'आता बास' म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण निदान विचारावं तरी लागलं!

नियम नसलेला कायदा हा माझ्या लेखी मोठा रोग आहे. चुकीच्या नियमावर कोर्टात जाता येतं. न केलेल्या नियमावर कुठे जाणार?

तळ्याकाठचा

शिकागोच्या एका उपनगरात राहतो, इथे राज्य सरकारच्या एका खात्याशी कामानिमित्त रोजचा संबंध आहे. इलिनॉयची पद्धत सांगतो, तुलनेला उपयोग होईल.

इथे १९७७ पासून विधिमंडळाची एक संयुक्त समिती आहे, सगळे तिला जेकार म्हणतात. १२ सदस्य, दोन्ही सभागृहांचे आणि दोन्ही पक्षांचे समसमान. म्हणजे राज्यात बहुमत कुणाचंही असो, समितीत कुणाचंच नसतं. खात्याला नियम करायचा असेल तर आधी मसुदा छापून लोकांना किमान ४५ दिवस द्यावे लागतात. मग तो जेकारकडे जातो, तिथे पुन्हा ४५ दिवसांपर्यंत. नियम लागू होतो तो या दोन्ही पायऱ्या ओलांडल्यावर. समितीतले तीनपंचमांश, म्हणजे १२ पैकी ८ सदस्य विरोधात गेले तर नियम तिथेच अडतो. तातडीचा नियम लगेच लागू करता येतो, पण तो १५० दिवसांच्या वर जगत नाही.

याचा दणका मी मे २०२० मध्ये पाहिला. कोविडचे निर्बंध मोडून दुकान-रेस्टॉरंट उघडलं तर मालकावर थेट फौजदारी गुन्हा, वर्षभरापर्यंत कैद, असा तातडीचा नियम आरोग्य खात्याने काढला. जेकारच्या बैठकीत तो टिकणार नाही असं दिसल्यावर २० मे रोजी खात्याने स्वतःच मागे घेतला. ऑगस्टमध्ये मास्कचा नवा नियम आला. आधी ताकीद, मग जागा रिकामी करायचा आदेश, दंड त्यानंतर. तो जेकारमधून पार पडला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण दोन्ही बाजूंना पाणी प्यावं लागलं आणि नियम सुधारला.

शिवाय जेकारचे कर्मचारी दर आठवड्याला एक छोटं पत्रक काढतात. या आठवड्यात कुठल्या खात्याने काय प्रस्तावित केलं, कुणावर परिणाम होईल, हरकत कुठे आणि कधीपर्यंत पाठवायची, सगळं साध्या इंग्रजीत. लहान धंदेवाले, नगरपालिकांचे लोक ते वाचतात. हे मात्र महाराष्ट्राने उद्या सुरू केलं तरी खर्च नगण्य.

शेवगा (धागाकर्ती)

म्हणजे फरक क्रमाचा आहे! तुमच्याकडे आधी समिती, मग नियम. आपल्याकडे आधी नियम, मग सभागृह. वरातीमागून घोडं.

आपल्याकडे का नाही असं करता येणार?

खवचट_पोपट

करता येईल. मग शाळांच्या संघटनेला ना खातं गाठावं लागेल, ना मंत्री. आठ आमदार गाठले की झालं. एक किलोमीटर तर सोडाच, आरटीईचा कुठलाच चांगला नियम बाहेर पडणार नाही. बिल्डर, साखर, शिक्षणसंस्था, दूध... कुठल्या समितीत कोण बसतं ते बघून घ्या.

वकिलीणबाई

पोपटराव या वेळी थट्टा करत नाहीयेत, असं धरून चालते. मुद्दा अमेरिकेतही आलाय. तळ्याकाठच्यांच्या शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तशीच समिती आहे आणि तिच्याकडे नियम रोखून धरायचा अधिकार होता. समलैंगिक व ट्रान्स व्यक्तींना 'बदलण्याच्या' नावाखाली समुपदेशकांनी उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवणारा नियम त्या समितीने वर्षानुवर्षं अडवला. ८ जुलै २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की कायद्याचा परिणाम साधायचा तर संपूर्ण विधिमंडळ आणि राज्यपाल या वाटेनेच जावं लागेल, मूठभर आमदारांची समिती परस्पर नकाराधिकार चालवू शकत नाही.

याचं मूळ १९८३ च्या चढ्ढा खटल्यात. जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी. त्याची हद्दपारी थांबवायचा सरकारचा निर्णय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एकट्या प्रतिनिधिगृहाने फिरवला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने ती पद्धतच घटनाबाह्य ठरवली.

आपल्या कायद्यांत दोन्ही सभागृहांचं एकमत लागतं, त्यामुळे तो दोष आपल्याकडे नाही. पण त्याच अटीमुळे अधिकार कागदावर राहतो. सरकारकडे बहुमत असताना सरकारच्याच नियमाविरुद्ध दोन्ही सभागृहं एकमत करतील, हे होणं कठीण.

तळ्याकाठचा

विस्कॉन्सिनबद्दल मान्य. पण पोपट यांना एक विचारतो. लॉबी आज नाहीये का? आज ती खात्याच्या बंद दालनात जाते आणि आपल्याला अधिसूचना निघाल्यावर कळतं. समितीच्या बैठकीची निदान नोंद राहते, कोण कुणाच्या बाजूने बोललं ते दिसतं.

खवचट_पोपट

नोंद राहते म्हणताय, तर आपल्याकडच्या समितीच्या बैठका लोकांसाठी खुल्या करा आधी. बंद खोलीतल्या समितीला आणखी अधिकार द्यायला माझा विरोध.

जुना_कार्यासन

यावर मात्र मी पोपटरावांच्या बाजूचा. आपल्याकडे सगळ्याच समित्या बंद दारामागे बसतात. सचिवांची साक्ष होते तेव्हा खडाजंगी होते, पण बाहेर येतो तो अहवाल, तोही सभागृहात सादर झाल्यावर.

तरीही साक्षीला हलकं समजू नका. नियम मूळ कायद्यात कुठे बसतो, हे सचिवाला आमदारांसमोर तोंडी सांगावं लागणं ही साधी गोष्ट नाही. त्या तारखेच्या आधी खात्यात जी धावाधाव होते ती मी केलेली आहे. पाच वर्षं हरवलेल्या फाइली दोन दिवसांत सापडतात.

वकिलीणबाई

संसदेत एकदा ही सगळी वाट चालून झाली आहे, ती लिहून ठेवते.

२०११ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली संकेतस्थळांसाठी नियम केले. कुणीही तक्रार केली की ३६ तासांत मजकुरावर कारवाई करा, असा मामला. राज्यसभेत पी. राजीव या खासदारांनी ते नियम रद्द करायचा प्रस्ताव आणला, म्हणजे कलमाने दिलेला तो कागदावरचा अधिकार खरोखर वापरला. १७ मे २०१२ ला चर्चा झाली. चांगली चर्चा, पक्षभेद बाजूला ठेवून लोक बोलले. प्रस्ताव पडला, पण तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांना सगळ्यांशी सल्लामसलत करायचं आश्वासन द्यावं लागलं. मार्च २०१३ मध्ये लोकसभेच्या उपविधान समितीने त्याच नियमांवर टीका करणारा अहवाल दिला. सरकारने फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाचा अर्थ आवळला. मजकूर काढायचा तो न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावरून, कुणीही पत्र लिहिलं म्हणून नाही.

प्रस्ताव हरला, समितीकडे दुर्लक्ष झालं, काम न्यायालयाने केलं. पुन्हा २०२३ मध्ये त्याच कायद्याच्या नियमांत, सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे का ते ठरवणारा, सरकारी फॅक्ट चेक विभाग आला, तोही २० सप्टेंबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयातच पडला. आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद, मग तिसऱ्यांचं मत.

एवढं पाहून मला वाटतं की आमदार-खासदारांनी हात झटकलेत, कारण न्यायालय आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि न्यायालयात पोचायला कुणीतरी याचिकाकर्ता लागतो, पैसा लागतो, वेळ जातो. आरटीईत स्थगिती ६ मे ला आली. तोवर काही शाळांनी त्या जागांवर फी घेऊन मुलं घेतली होती. न्यायालयाने ते प्रवेश मोडले नाहीत, शाळांना पंचवीस टक्के वेगळे भरायला सांगितलं. म्हणजे तीन महिन्यांच्या चुकीच्या नियमाचा गुंता निकालानंतरही उरलाच. समितीच्या हातात तसा अधिकार असता, तर हे सगळं मार्चमध्ये तिच्या एका बैठकीत थांबवता आलं असतं.

माहितीवाला

जीआरचं काय पण? तो तर कुठल्याच सभागृहासमोर जात नाही.

जुना_कार्यासन

बरोबर नस पकडलीत. शासन निर्णय निघतो तो घटनेच्या अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी अधिकारात. कायद्याने दिलेल्या नियम करण्याच्या अधिकाराशी त्याचा संबंध नाही. म्हणून राजपत्रात छापायचं बंधन नाही, हरकती मागवायचं नाही, सभागृहासमोर ठेवायचं नाही, उपविधान समितीकडे जायचा तर प्रश्नच नाही. संकेतांक टाकून संकेतस्थळावर चढवला की झालं. सायंकाळी सहाला काढलेला जीआर सकाळी जिल्हा परिषदेत लागू.

खात्यातल्या हुशार माणसाला हे नीट ठाऊक असतं. नियमात दुरुस्ती करायची म्हणजे विधी व न्यायकडे दोन चकरा, राजपत्र, विधानमंडळ. त्यापेक्षा 'स्पष्टीकरणात्मक सूचना' म्हणून जीआर काढला की तेच काम चार दिवसांत होतं. जीआर कायद्यावर किंवा नियमावर मात करू शकत नाही हे तत्त्व पक्कं आहे, पण ते सिद्ध करायला परत कोर्टच. तुम्ही समितीला कितीही दात बसवा, चावा घ्यायचा कशाला? अर्धा मजकूर तिच्या ताटात येतच नाही.

माझं म्हणणं विचाराल तर समितीचे अधिकार वाढवण्याआधी एक करा. लोकांच्या हक्कावर किंवा खिशावर परिणाम करणारा प्रत्येक जीआर समितीकडे माहितीसाठी गेला पाहिजे. नुसता गेला तरी खात्याचा हात आखडतो.

सोसायटी_सचिव

मी आत्ताच आमच्या आमदारांच्या कार्यालयात फोन करून विचारलं की साहेब कुठल्या समितीवर आहेत. स्वीय सहायक म्हणाले, 'बघून सांगतो.' अजून बघतायत.

शेवगा (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच कळलं. मला करता येण्यासारखं काय आहे त्याचा विचार करत होते. कोर्ट मला झेपणार नाही. आरटीईच्या नियमांत पुढची दुरुस्ती येईल तेव्हा मसुद्याच्याच पातळीवर हरकत घ्यायची, असं आमच्या पालक गटाने ठरवलंय. दर सोमवारी दोघीजणी राजपत्र बघणार.

दुसरं म्हणजे विनंती अर्ज समितीकडे अर्ज करायचा विचार आहे, की शिक्षण खात्याचे नियम सभागृहासमोर कधी ठेवले गेले त्याची यादी संकेतस्थळावर टाका. १५० शब्दांत बसवते, माहितीवाला!

एक अडचण मात्र आहे. राजपत्राचा भाग चार-ब उघडला, तर त्यात 'महाराष्ट्र अधिनियमांन्वये केलेले नियम' असं वर लिहिलंय. आरटीई तर केंद्राचा कायदा. मग बघायचं कुठे?

वकिलीणबाई

हरकत लिहिताना एक लक्षात ठेवा. 'हा नियम अन्यायकारक आहे' याने काही होत नाही. 'कलम अमुकने एवढाच अधिकार दिला आहे आणि मसुद्याचा नियम तमुक त्याबाहेर जातो' असं लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या. उद्या कोणी कोर्टात गेलंच, तर खात्याला हे आधी सांगितलं होतं याचा तोच पुरावा. मसुदा न छापता थेट अंतिम अधिसूचना आली, तर पूर्वप्रसिद्धीची अट मूळ कायद्यात आहे का ते पहिल्या दिवशी तपासा.

जुना_कार्यासन

शेवगाताई, केंद्रीय कायद्यांखाली राज्याने केलेले नियम भाग चार-अ मध्ये असतात. तरी दोन्ही चाळत जा, आणि साप्ताहिक अंकावर विसंबू नका. घाईचे नियम असाधारण राजपत्रात येतात आणि त्याला वार नसतो. सोमवार ठेवायचा असेल तर मागच्या सोमवारपासूनचे सगळे असाधारण अंक उघडावे लागतील. अधिवेशन चालू असेल तेव्हा रोजची कामकाजपत्रिकाही बघा, कागदपत्रांच्या यादीत शालेय शिक्षण विभागाचं नाव शोधा.

एमपीएससी_पुन्हा

ताई, सोमवारी मी पण बसतो तुमच्याबरोबर. अभ्यासाचा अभ्यास.